आकाशांतील पहारेकरी व जुना अग्निबाण



सन २०२० च्या ऑक्टोबर महिन्याची १४ तारीख आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील लोकांच्या स्मरणांत अजून ताजी आहे. त्या दिवशीं जो पाऊस कोसळला, त्यानें ओढे रस्त्यांवर आले, पाठोपाठ सीना व भीमा ह्या नद्यांनीं पात्र सोडलें, आणि पुष्कळांचें हाताशीं आलेलें पीक डोळ्यांदेखत पाण्याखालीं गेलें. हा पाऊस मंद्रूपच्या आकाशांत जन्मलेला नव्हता. बंगालच्या उपसागरांत हवेचा दाब उतरून वाऱ्याचें एक मोठें चक्र निर्माण झालें. तें १३ तारखेस काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलें, आणि तेलंगण व उत्तर कर्नाटक ओलांडून दुसऱ्या दिवशीं आपल्या दारीं येऊन ठेपलें. काकिनाड्यापासून आपलें गांव सरळ रेषेनें जवळजवळ ७०० किलोमीटर दूर आहे. माळवदावर चढून पूर्वेकडे कितीहि डोळे ताणले, तरी एवढ्या दूरचें कांहींहि दिसावयाचें नाहीं.

परंतु तें चक्र समुद्रावर असतांनाच आकाशांतून त्यावर दृष्टि ठेवलेली होती. हवामानाचे उपग्रह हें काम रात्रंदिवस करीत असतात. भारताला ही दृष्टि कशी लाभली, आणि एकदां ती गमावण्याची वेळ कशी येऊन ठेपली होती, ही हकीकत आज तुम्हांस सांगावयाची आहे. सन १९९० मध्यें एक उपग्रह अशा अग्निबाणावर बसून गेला कीं, त्या जातीचा दुसरा बाण पुन्हां उडावयाचा नव्हता.

प्रथम हें समजून घेऊं कीं, आकाशांतील वस्तु एका जागीं टांगल्यासारखी कशी राहते. ज्यांनीं घरच्या वडील माणसांकडून जुन्या खळ्याचें वर्णन ऐकलें असेल, त्यांस हें लवकर कळेल. खळ्याच्या मध्यभागीं तिवडा रोवलेला असे, व त्याभोंवतीं बैलांची पात फिरे. तिवड्याजवळचा बैल लहान वर्तुळांत सावकाश चाले. बाहेरचा बैल मोठ्या वर्तुळांत झपाझप पाय उचली. तरी दोघे सदैव एकाच ओळींत राहत, कारण दोघांची फेरी एकाच वेळीं पुरी होई. त्याचप्रमाणें पृथ्वी स्वतःभोंवतीं जितक्या वेळांत फिरते, तितक्याच वेळांत विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपली फेरी पुरी करतो. आपण आंतल्या बैलाच्या जागीं आहों, उपग्रह बाहेरच्या बैलाच्या जागीं. म्हणून सेकंदास सुमारें ३ किलोमीटर धांवत असूनहि तो आपल्याला स्थिर भासतो, आणि सतत आपल्याच देशाकडे पाहूं शकतो.

भारतीय राष्ट्रीय उपग्रह, म्हणजेच इन्सॅट, ह्या योजनेंतील पहिल्या पिढीच्या उपग्रहांकडे तीन कामें होतीं: दूरध्वनि, दूरचित्रवाणी आणि हवामान. हवामानासाठीं जें यंत्र बसविलेलें होतें, त्याचें शास्त्रीय नांव लांबलचक आहे. आपण त्याला ढग-दुर्बीण म्हणूं. ह्या दुर्बिणीला जणूं दोन डोळे होते. पहिला डोळा आपल्याप्रमाणेंच सूर्यप्रकाशांत पाहणारा. त्याच्या चित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील २.७५ किलोमीटर. दुसरा डोळा उष्णतेचे किरण पाहणारा. त्याचा ठिपका ११ किलोमीटरांचा, म्हणजे चित्र अधिक जाडेंभरडें, पण त्याला अंधाराची अडचण नाहीं. ढगाचा माथा जितका उंच, तितका तो थंड. म्हणून उष्णतेच्या चित्रांत जो ढग अति थंड दिसतो, तो फार उंच चढलेला असतो, आणि आपल्याकडील मोठा पाऊस बहुधा अशाच ढगांतून पडतो. हें ज्ञान शास्त्रज्ञांस मध्यरात्रींहि मिळूं लागलें.

ह्या दुसऱ्या डोळ्याची एक अट होती. जो स्वतःच तापलेला आहे, त्याला दुसऱ्याची ऊब कशी कळणार? म्हणून त्याला फार थंड ठेवावें लागे, आणि त्यासाठीं त्याच्या शीतकाचें तोंड उत्तरेच्या काळ्या, गार आकाशाकडे ठेवलेलें असे. सूर्यप्रकाशापासून वीज तयार करणारा पंख त्याच बाजूस बसविला असता, तर पंखाची उष्णता शीतकास बाधली असती. सबब पंख एकाच बाजूस ठेवला. परंतु सूर्यप्रकाशालाहि अति सूक्ष्म असा दाब असतो. एका बाजूस पंख व दुसरी बाजू मोकळी असली, म्हणजे एकाच पारड्यांत वजन घातलेल्या तराजूसारखा उपग्रह हळूहळू कलूं लागतो. हा तोल राखण्यासाठीं दुसऱ्या बाजूस लांब दांड्यावर एक हलकें शीड लावलेलें असे. पाहा, एका गरजेंतून दुसरी गरज कशी जन्मास येते! आणि आकाशांत गेल्यावर जितके भाग उघडावयाचे, तितक्या अडून बसण्याच्या जागा.

त्या अडचणी आल्याहि. ह्या पिढीचे चारहि उपग्रह भारताच्या मागणीप्रमाणें अमेरिकेंतील फोर्ड एरोस्पेस कंपनीनें बांधले. इन्सॅट-१ च्या कामांत आपल्या बाजूनें ज्यांचा मोठा वांटा होता, त्यांत प्रमोद काळे हे महाराष्ट्रीय अभियंते होते. सन १९६३ मध्यें थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला, तेव्हां राबलेल्या तरुण मंडळींपैकीं ते एक. पहिला उपग्रह इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्यें गेला. त्याचें शीड उघडलेंच नाहीं, आणि तोल सांभाळण्याचें इंधन संपून सप्टेंबरांत तो निकामी झाला. दुसरा, १बी, ऑगस्ट १९८३ मध्यें चॅलेंजर ह्या शटल यानांतून सोडण्यांत आला. त्याचा पंख अडकून बसला होता, तो कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर उघडला, आणि मग त्यानें उत्तम सेवा केली. तिसरा, १सी, जुलै १९८८ मध्यें गेला. विजेच्या बिघाडामुळें त्याची शक्ति निम्मी झाली, व नोव्हेंबर १९८९ मध्यें तोहि हातचा गेला. म्हणजे १९९० साल उजाडलें तेव्हां सर्व भार एकट्या १बी वर होता, आणि त्याचें ठरविलेलें ७ वर्षांचें आयुष्य त्याच वर्षीं सरत होतें.

हा भार केवढा होता, तें त्याच वर्षाच्या मे महिन्यांत दिसून आलें. नोव्हेंबर १९७७ मध्यें आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळानें सुमारें १०,००० माणसांचा बळी घेतला होता. ९ मे १९९० रोजीं त्याच किनाऱ्यावर तसेंच प्रचंड वादळ आलें. परंतु तें समुद्रावर असतांनाच त्याची वाटचाल उपग्रहाच्या चित्रांत दिसत होती. सूचना वेळेवर गेल्या, लाखों लोकांना आधींच सुरक्षित जागीं हलविण्यांत आलें, आणि मृतांची संख्या १,००० च्या आंत राहिली. ह्याचें श्रेय एकट्या उपग्रहाचें नव्हे. गांवोगांवच्या अधिकाऱ्यांनीं व स्वयंसेवकांनीं जिवापाड मेहनत घेतली. पण वादळ येत आहे हें आधीं कळलें नसतें, तर त्या मेहनतीस अवसरच मिळाला नसता.

आतां चौथ्या व शेवटच्या उपग्रहाकडे, म्हणजे इन्सॅट-१डी कडे वळूं. उपग्रहाची तयारी म्हणजे नुसते सुटे भाग जुळविणें नव्हे. अग्निबाण उडतांना जे हादरे बसतात, ते सोसतील कीं नाहीं हें पाहण्यासाठीं उपग्रहाला यंत्रावर ठेवून जोरानें हलवितात. अवकाशांत उन्हांतील भाग भाजतो व सावलींतील भाग गोठतो. म्हणून मोठ्या निर्वात कोठींत ठेवून त्याला आळीपाळीनें तापवितात व गारठवितात. धुळीचा कणहि बसूं नये म्हणून काम करणारी माणसें डोक्यापासून पायांपर्यंत स्वच्छ झगे घालतात. पंख, शीड व अँटेना हीं नीट उघडतात कीं नाहीं, हें जमिनीवरच तपासून पाहतात. शेवटीं प्रक्षेपणतळावर अंगभर संरक्षक पोशाख चढवून विषारी इंधन टांक्यांत भरतात. तोलहि काटेकोरपणें पाहावा लागतो, कारण ह्या अग्निबाणाचा शेवटचा टप्पा गरगर फिरत पुढें जातो. भोंवऱ्याची आर मध्यावर नसली म्हणजे तो कसा झोकांड्या खातो, हें तुम्हां मुलांस सांगावयास नकोच.

ही सर्व तयारी होऊन उपग्रह फ्लॉरिडांतील केप कॅनाव्हरल येथें पोंचला. २९ जून १९८९ हा उड्डाणाचा दिवस ठरला. तो अवघा दहा दिवसांवर आला असतां प्रक्षेपणमंचावरील यारीचा दोर तुटला, आणि तिचा लोखंडी आंकडा उपग्रहावर जोरानें आदळला. थंडी, उष्णता, हादरे ह्या साऱ्या परीक्षांत जो उत्तीर्ण झाला होता, त्याचा घात वजन उचलण्याच्या एका दोरानें केला. विहिरीवर मोट जुंपण्यापूर्वीं रोज नाडा हातानें चाचपून पाहणारे आपले आजे-पणजे हें ऐकून हळहळले असते.

उपग्रह दुरुस्तीस न्यावा लागला. तीस सुमारें १ कोटी डॉलर खर्च आला. त्यांतच १७ ऑक्टोबर १९८९ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरास ६.९ प्रतीचा भूकंप झाला. उपग्रह बांधणारा कारखाना त्याच टापूंत, पालो आल्टो येथें होता. ह्या धक्क्यानें उपग्रहाचें आणखी सुमारें दीड लाख डॉलरांचें नुकसान झालें. पुन्हां दुरुस्ती आली. एक महिन्यानें तिकडे १सी हातचा गेल्याची वार्ता आली. त्या दिवसांत ह्या कामावरील मंडळींच्या मनाची काय अवस्था झाली असेल, त्याची कल्पनाच करावी. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं.

आतां अग्निबाणाची हकीकत ऐका. त्याचें नांव डेल्टा. त्याचें मूळ थॉर नांवाच्या अमेरिकन क्षेपणास्त्रांत आहे. मे १९६० मध्यें डेल्टाचें पहिलें उड्डाण फसलें. ऑगस्टमधील दुसरें साधलें. आणि नोव्हेंबरांत त्यानें टायरॉस-२ हा हवामानाचा उपग्रह वर नेला. म्हणजे ढग पाहणाऱ्या उपग्रहांशीं डेल्टाचें नातें अगदीं बाळपणापासूनचें. पुढें अमेरिकेनें असें ठरविलें कीं, यापुढें उपग्रह शटल यानांतूनच पाठवावे, आणि डेल्टाची बांधणी थंडावली. पण २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें, व त्यांतील सातहि जण प्राणांस मुकले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ह्या एक शाळाशिक्षिका होत्या. त्यानंतर जुन्या अग्निबाणांची आठवण पुन्हां झाली. डेल्टा-२ नांवाचा सुधारलेला बाण फेब्रुवारी १९८९ पासून उडूं लागला.

इन्सॅट-१डी च्या वांट्यास मात्र हा नवा बाण आला नाहीं. त्याला मिळाला डेल्टा ४९२५. हा आंकडा वाचण्याची एक रीत आहे. पहिला अंक मुख्य टप्पा व त्याचे जोडबाण ह्यांची जात सांगतो. ९ म्हणजे बाजूस बांधलेले ९ जोडबाण. २ हा दुसऱ्या टप्प्याचा प्रकार, आणि ५ हा तिसऱ्याचा. मुख्य टप्प्यांत थॉरच्या वंशांतील जुन्या घडणीचें इंजिन होतें. तें रॉकेलच्या जातीचें तेल व द्रवरूप प्राणवायु जाळी. जोडबाण मात्र नव्या घडणीचे. त्यांतील ६ जमिनीवरच पेटत, व ते जळून संपल्यावर उरलेले ३ हवेंत पेटत. रिकामें झालेलें भांडें डोक्यावर वाहत न्यावयाचें नाहीं, तें टाकून हलकें होऊन पुढें जावयाचें, हें टप्प्यांचें तत्त्व होय. शिल्लक राहिलेलें जुनें व हाताशीं असलेलें नवें ह्यांची सांगड घातलेले असे दोनच बाण उडाले. पहिला २७ ऑगस्ट १९८९ रोजीं एक ब्रिटिश दूरचित्रवाणी-उपग्रह घेऊन गेला. दुसरा, आणि शेवटचा, आपल्या उपग्रहासाठीं होता.

तुमच्यापैकीं कोणी विचारील, निवृत्तीच्या वाटेवरील बाणावर देशाची एवढी मोठी ठेव कां सोंपवावी? ह्यास दोन बाजू आहेत. जुन्या इंजिनाचे गुणदोष पुष्कळ उड्डाणांत कळून चुकलेले असतात. नव्याचे कळावयाचे असतात. ही झाली जमेची बाजू. उलटपक्षीं, जुनें काम जाणणारे कारागीर पांगतात, सुटे भाग दुर्मिळ होतात, आणि ‘हें तर नेहमींचेंच’ असें म्हणून हात सैल पडण्याचा संभव असतो. म्हणून जुन्या साधनाची तपासणी नव्याइतकीच, किंबहुना अधिक कसोशीनें करावी लागते. यारीच्या दोरानें शिकविलेला धडा तरी दुसरा कोणता होता?

१२ जून १९९० रोजीं तो बाण केप कॅनाव्हरलहून उडाला. जोडबाण गळाले, टप्प्यामागून टप्पा सुटला, आणि उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेंत सुखरूप पोंचला. पुढील सूत्रें कर्नाटकांतील हासन येथील नियंत्रण केंद्राच्या हातीं होतीं. तेथून आज्ञा जातांच उपग्रहाचें स्वतःचें इंजिन पेटे, आणि कक्षा हळूहळू वर्तुळाकार होई. अखेर ८३ अंश पूर्व रेखांशावर तो आपल्या जागीं स्थिर झाला. ७ वर्षांसाठीं बांधलेला हा उपग्रह सन २००२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १२ वर्षें, कामांत राहिला. दोन वेळां जखमी झालेलें हें शेवटचें भावंड आपल्या नेमल्या आयुष्यापेक्षां कितीतरी अधिक जगलें.

त्या वेळीं मी प्राथमिक शाळेंत होतों. शेजारच्या घरीं दूरचित्रवाणीवरील बातम्या संपतांना ढगांचें चित्र दाखवीत, आणि आम्ही मुलें त्यांत आपलें गांव शोधीत असूं. ज्या चित्रांतला एक ठिपका ११ किलोमीटरांचा, त्यांत गांव कसलें सांपडणार! आज तें चित्र आठवलें म्हणजे तुटलेल्या दोरानंतर पुन्हां कामास लागलेले हात डोळ्यांपुढें येतात.

पालकांपैकीं अनेकांनीं मला विचारलें आहे कीं, उपग्रह आहेत, तर मग अंदाज चुकतो कां? प्रश्न रास्त आहे. उपग्रह ढग दाखवितो. तो ढग कोणाच्या शिवारांत रिकामा होईल, हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं जमिनीवरील पर्जन्यमापकें, हवेंत सोडलेले फुगे, रडार आणि प्रचंड गणित ह्यांची जोड लागते. त्यांतून आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. एका बांधावर पाऊस व दुसऱ्यावर धूळ, हें आपण दरसाल पाहतों. परंतु दूर समुद्रावर उठलेलें वाऱ्याचें चक्र दोन-चार दिवस आधीं कळलें, तर कापलेलें पीक झांकतां येतें, नदीकांठचीं जनावरें वर आणतां येतात, रब्बी ज्वारीची पेरणी थोडी पुढें ढकलतां येते. हातांत आलेले ते दोन दिवस वापरणें अथवा दवडणें, हें मात्र आपल्यावर आहे. सूचना ऐकूनहि जो बांधावर गेला नाहीं, त्याला आकाशांतला पहारेकरी काय करणार?

त्यानंतर काळ फार पुढें गेला. जुलै १९९२ मध्यें भारतांतच बांधलेला इन्सॅट-२ए आकाशांत गेला, पण परक्या बाणावर. सप्टेंबर २००२ मध्यें खास हवामानासाठीं बांधलेला उपग्रह आपल्याच बाणावर श्रीहरिकोट्याहून गेला. पुढील वर्षीं त्याला कल्पना चावला ह्यांच्या स्मरणार्थ कल्पना-१ असें नांव देण्यांत आलें. १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं २,२७४ किलो वजनाचा इन्सॅट-३डीएस तेथूनच गेला. त्याचा प्रतिमाग्राहक दोनाऐवजीं ६ प्रकारच्या किरणांत पाहतो, आणि दुसरें एक यंत्र हवेच्या निरनिराळ्या थरांतील उष्णता व ओलावा मोजतें. तिकडे डेल्टा-२ नें नोव्हेंबर २०१७ मध्यें आपला शेवटचा हवामान-उपग्रह वर नेला व पुढील वर्षीं तो निवृत्त झाला. ९ एप्रिल २०२४ रोजीं डेल्टा-४ ह्या थोरल्या बाणाचें अखेरचें उड्डाण झालें, आणि १९६० पासून चालत आलेलें डेल्टा हें नांव प्रक्षेपणमंचावरून कायमचें उतरलें. आपला नवा पहारेकरी आपल्याच बाणावर चढला, आणि दोन महिन्यांच्या आंत त्या जुन्या बाणाच्या घराण्यानें निरोप घेतला.

मुलांनो, ज्या बाणाला ह्यापुढें काम नव्हतें, त्यानें आपलें शेवटचें काम निर्दोष केलें, आणि त्यावर एका देशाच्या किनाऱ्यांची व शेतांची राखण अवलंबून होती. पुढच्या इयत्तेंत जाणारा विद्यार्थी जुन्या वर्गाची शेवटची वही बहुधा निष्काळजीपणें लिहितो. तशी वही हातांत आली म्हणजे मला हा अग्निबाण आठवतो. तुम्हांसहि आठवावा, एवढीच इच्छा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. खळ्यांतील बाहेरच्या बैलाचें उदाहरण घेऊन, उपग्रह आपल्याला स्थिर कां दिसतो तें स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. रात्रींच्या वेळीं ढगांचें चित्र घेणाऱ्या डोळ्यास थंड कां ठेवावें लागतें?
३. एकाच बाजूस पंख असलेल्या उपग्रहाला शीड कां लागतें? तराजू घेऊन वर्गांत दाखवा.
४. आपल्या घरांत अथवा शेतांत रोज वापरांत असलेलें, पण कित्येक दिवसांत न तपासलेलें असें एक साधन शोधा. तें आज तपासा, व काय आढळलें तें वहींत लिहून आणा.